यादीतून सुटलेलं घर

नाताळ होऊन आठ-दहा दिवस झाले, फराळाचे डबे घासून पालथे पण घातले, तरी एक गोष्ट काही मनातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकते.

माझं माहेर मिरजेचं. वॉनलेस हॉस्पिटलच्या आसपास लहानाची मोठी झाले, म्हणजे पक्क्या प्रेस्बिटेरियन (ख्रिस्ती धर्मातला एक प्रोटेस्टंट पंथ) घरातली, कारण डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे दवाखाना उभारला तो अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फेच. लग्न होऊन भुसावळला आले त्याला आता बावीस वर्षं झाली. इथली आमची मंडळी, म्हणजे चर्चची सभासद कुटुंबं, लहान, सत्तरेक घरं, त्यातली निम्मी रेल्वेतली, कोणी लोको पायलट, कोणी टीसी, कोणी वर्कशॉपला. त्यामुळे आमच्याकडे डिसेंबर लागला की पहिला प्रश्न कोणाची नाईट कधी हाच असतो, आणि कॅरलच्या रात्री त्या हिशोबाने ठरतात.

कॅरल म्हणजे आमच्याकडे १८ तारखेपासून २३ पर्यंत रोज रात्री नाताळची गाणी म्हणत घराघरात जायचं. छोटा हत्ती ठरवायचा, त्यात पेटी, ढोलकी, दोन खंजिऱ्या, मागे गोधड्या पांघरून बसलेली पोरं, आणि खान्देशातली थंडी ज्याला माहितीये त्याला मी वेगळं काय सांगू. गावाबाहेर निघालो की केळीच्या बागांमधून धुराचा वास येतो, बागेला गारठा लागू नये म्हणून शेतकरी रात्री पाचोळा पेटवून धूर करतात. माझ्यासाठी नाताळचा वास म्हणजे तो धूर आणि ढोलकी शेकल्यावर येणारा चामड्याचा वास. एकेका घरी गाणं, प्रार्थना, चहा, करंजी, मग पुढचं घर, असं करत दीड-दोन वाजतात.

आता ही घरं कोणती, कोणत्या क्रमाने, हे आजपर्यंत नाना सांगायचे. नाना आमच्या मंडळीचे वडील. बाहेरच्या लोकांना हा शब्द ऐकून गंमत वाटते, पण आमच्या चर्चचं नावच त्यावरून आहे, ग्रीकमध्ये प्रेस्बिटेरॉस म्हणजे वडीलधारा माणूस. आमच्या पद्धतीत मंडळीचा कारभार एकटे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, करत नाहीत, मंडळीने मत देऊन निवडलेले वडील त्यांच्यासोबत बसतात आणि सगळे मिळून ठरवतात. आणि कारभारापेक्षा मोठं काम म्हणजे घरं. प्रत्येक वडिलाकडे ठराविक घरं वाटून दिलेली असतात, त्यांची दुखणी-खुपणी, भांडणं, कोण महिनाभर उपासनेला आलं नाही, हे सगळं त्यांनी बघायचं. ही पद्धत जिथून आली त्या स्कॉटलंडमध्ये जुन्या काळी वडील प्रभुभोजनाआधी, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीआधी, लोकांची विचारपूस करायचे आणि शिशाचा छोटा बिल्ला द्यायचे, तो दाखवला की मगच मेजावर बसायला मिळायचं. हे मला नानांनीच सांगितलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा तर मला खरंच वाटेना. आपल्या ज्या पूर्वजांकडून ही पद्धत आली ते लोक नाताळ पाळतच नव्हते! बायबलमध्ये असा सण पाळायला सांगितलेला नाही असं त्यांचं म्हणणं, म्हणून १६४० साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने नाताळची सुट्टीच बंद करून टाकली, आणि तिथे २५ डिसेंबरला परत सरकारी सुट्टी मिळाली ती थेट १९५८ मध्ये. म्हणजे त्यांनी चांदण्या, करंज्या, गाणी काही ठेवलं नाही, पण घरोघर जाणं मात्र सोडलं नाही. आपल्याला दोन्ही मिळालं, असं नाना म्हणाले होते.

नानांची एक वही आहे. लांबट, लाल कापडी बांधणीची, कडा झिजून पुठ्ठा दिसायला लागलेला. त्यात प्रत्येक घरापुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. "चहा बिनसाखरेचा." "बाळ लहान, ढोलकी हळू." "जिना चढवत नाही, खालून म्हणावे." "मुलगा गेला त्याला वर्ष झालं नाही, आनंदाचं गाणं एकच, मग प्रार्थना." हे मी यावर्षी पहिल्यांदा नीट वाचलं, आणि तेसुद्धा उशिरा वाचलं.

कारण यावर्षी नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि यादीचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं ग्रुपवर टाकते, ज्यांना कॅरल हवंय त्यांनी आपापलं लोकेशन पाठवा. छान पटापट लोकेशन आले, मी भागाप्रमाणे लावून घेतले, तरुण संघाची मुलं खूश, वेळेत होतंय म्हणून मीही खूश. नानांनी वही पाठवली होती ती तशीच कपाटावर ठेवली.

२५ ला सकाळी उपासना संपली आणि दारात जिजी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. ऐंशीच्या पुढे वय, मालक रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली, लेकरं बाहेरगावी, घरी एकट्याच असतात. त्यांच्याकडे बटणांचा फोन. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि एक पाकीट माझ्या हातात दिलं, वर वाकड्या अक्षरात लिहिलेलं, कॅरलचे अर्पण.

म्हणाल्या, "बाई, तेवीसला आमच्या भागात येऊ राहिले असं चर्चमध्ये ऐकलं होतं. दोन वाजेपर्यंत बसली मी. मग म्हटलं थंडी लई आहे, पोरं थकली असतील. म्हणून मीच घेऊन आली."

बस एवढंच. रागाचा एक शब्द नाही. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवीसला आम्ही त्यांच्या मागच्याच गल्लीत होतो, तिथे दोन घरी गाणी म्हटली, म्हणजे ढोलकीचा आवाज त्यांना नक्की ऐकू गेला असणार, जवळ येतोय जवळ येतोय आणि मग गाडी लांब गेली. हे डोक्यात आलं आणि माझ्या घशातून आवाज फुटेना.

दुपारी प्रीतिभोजन होतं. चर्चच्या मागच्या अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला घातलेली, बायका लाकडी बडगीत भरीत ठेचत होत्या, कळण्याच्या भाकरी होत होत्या, एरवी या पंगतीत वाढायला मी सगळ्यात पुढे असते. त्या दिवशी मी नानांच्या शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. डोळ्याला काळा चष्मा, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. विचारलं, "वही कुठंय?" मी म्हटलं घरी. म्हणाले, "घेऊन ये. आणि पोरांना सांग पेटी गाडीत ठेवा."

घरी जाऊन वही काढली, पानं उलटली. जिजींच्या घरापुढे लिहिलं होतं, "सगळ्यात शेवटी जावे. जेवू घालतात. घाई करू नये."

चार वाजता, लख्ख उन्हात, आम्ही तेवीस जण त्यांच्या दारात. पाळकसाहेब, नाना, पोरं, सगळे. जिजी आडव्या झाल्या होत्या, उठून आल्या, आधी कळेचना त्यांना. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या थांबा, आणि आत गेल्या.

दारावर त्यांची चांदणी टांगलेली होती. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद, मालकांनी बनवलेली, दरवर्षी तीच. एक कोपरा फाटला तिथे कुठल्यातरी लग्नपत्रिकेचा लाल कागद चिकटवलाय, त्यावरची अर्धी अक्षरं अजून वाचता येतात. आत बटणाचा आवाज झाला आणि चांदणीतला बल्ब लागला. उन्हात तो दिसत पण नव्हता नीट, फक्त त्या लाल तुकड्यामागे थोडं पिवळं.

जिजी बाहेर येऊन खुर्चीत बसल्या, पाय वर घेतले, शाल गुंडाळली जशी रात्री गुंडाळतात.

"म्हणा आता," म्हणाल्या. "सगळी कडवी म्हणजो. मागच्या साली एक गाळलं होतं."