मूत्रवाहिनीला इजा झाली म्हणजे केस जिंकलीच, असं नसतं

गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर काही बिनसलं की घरच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "डॉक्टरांनी चुकीची नस कापली." वकिलामार्फत पाठवलेल्या पहिल्या नोटिशीतही तेच उतरतं आणि तिथेच दावा लंगडा होतो. कारण समोरचा वकील दोन ओळींत उत्तर देतो की मूत्रवाहिनीला इजा ही या ऑपरेशनमधली माहीत असलेली गुंतागुंत आहे, संमतीपत्रात लिहिली होती. कायद्याच्या दृष्टीने त्याचं म्हणणं बरोबर असतं. खरा प्रश्न पुढचा असतो. इजा कधी कळली, कधी कळायला हवी होती, आणि कळल्यावर काय केलं?

मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी, गर्भाशयाच्या मुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून, गर्भाशयाच्या रक्तवाहिनीच्या खालून जाते. ती रक्तवाहिनी बांधायची म्हणजे या नळीच्या शेजारीच काम. आधीची सिझर, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), मोठी फायब्रॉइडची गाठ असेल तर सगळं एकमेकांना चिकटलेलं किंवा जागेवरून सरकलेलं असतं. नळी टाक्यात अडकते, मुरगळते, कापली जाते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये कॉटरीने (रक्तस्राव थांबवायला विजेने डाग देणाऱ्या उपकरणाने) भाजतेही. भाजलेली नळी त्या दिवशी धडधाकट दिसते आणि आठवडा-दहा दिवसांनी तिथे भोक पडून योनीमार्गे लघवी गळू लागते. त्यामुळे "डिस्चार्जच्या वेळी सगळं ठीक होतं" हे हॉस्पिटलचं म्हणणं पुष्कळदा खरंच असतं. एका बाजूची नळी पूर्ण बांधली गेली तरी दुसरं मूत्रपिंड काम करतं, लघवी नेहमीइतकीच होते. "लघवी होत होती ना?" हा बचाव म्हणून फारसा टिकू नये, पण तपासणाऱ्याला हे माहीत नसेल तर टिकून जातो.

निष्काळजीपणा दिसतो तो यानंतर. चौथ्या दिवशी ताप, एका कुशीत दुखणं, पोट फुगलेलं. केस पेपरवर "गॅस" लिहून अँटिबायोटिक बदललेलं आणि साधी सोनोग्राफीही नाही. किंवा बाई दहाव्या दिवशी कपडे ओले होतात म्हणून आली आणि "टाक्यांचं पाणी आहे, थांबेल" म्हणून परत पाठवली. इथे करायची तपासणी ओपीडीत होते. कॅथेटरमधून मूत्राशयात मिथिलीन ब्लूचं निळं पाणी सोडायचं, योनीत तीन बोळे ठेवायचे. बोळा निळा झाला तर भोक मूत्राशयाला आहे. वरचा बोळा ओला झाला पण निळा नाही, तर संशय मूत्रवाहिनीवर, आणि मग सीटी युरोग्राम, म्हणजे मूत्रमार्गाचा सीटी स्कॅन. ही पावलं दोन-तीन आठवडे उचललीच नाहीत आणि तेवढ्यात मूत्रपिंड सुजलं, हे सिद्ध करता आलं की दाव्याला पाय फुटतात.

सिद्ध होतं ते कागदांवरून. डिस्चार्ज कार्ड म्हणजे केस पेपर नव्हे; त्यात हॉस्पिटलला जे सांगायचं तेवढंच असतं. लेखी अर्ज करून "संपूर्ण इनडोअर केस पेपर" मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणीनंतर 72 तासांत कागद द्यावे लागतात, आणि ते जपून ठेवायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून फक्त 3 वर्षांचं आहे. ऑपरेशन नोट, भूलतज्ज्ञांचा चार्ट, नर्सिंगच्या नोंदी, लघवीच्या मोजमापाचा तक्ता, मॉप (रक्त टिपायचं कापड) आणि गॉजची मोजणी, संमतीपत्र, काढलेल्या गर्भपिशवीचा बायोप्सी रिपोर्ट, सगळं एकाच अर्जात. मग हे कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचायचे. ऑपरेशन नोटमध्ये "कोणतीही अडचण नाही" आणि भूलतज्ज्ञांच्या चार्टवर तीन तास नि दोन बाटल्या रक्त असेल, तर एक कागद खोटं बोलतोय. मूत्रवाहिनी ओळखल्याची एक ओळ नोटमध्ये आहे का, तेही पाहा.

सगळ्यात भक्कम कागद मात्र दुसऱ्या हॉस्पिटलचा असतो. मूत्ररोगतज्ज्ञ स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक नळी) घालतो किंवा मूत्रवाहिनी मूत्राशयात पुन्हा बसवतो, तेव्हा त्याला आत काय दिसलं? पुण्यात एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहून देत नाही, अशी तक्रार सतत ऐकू येते आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे. म्हणून त्याच्याकडे मत मागू नका. सविस्तर ऑपरेशन नोट मागा: अडथळा कुठे होता, मूत्राशयापासून किती वर, टाका दिसला का. निरीक्षण लिहायला सहसा कोणी नकार देत नाही.

संमतीपत्राकडे दुर्लक्ष होतं. 2008 च्या समीरा कोहली खटल्यात बाईने दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिली होती. ती भुलेत असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढले. हे चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं. जिवाला तातडीचा धोका नसेल तर सज्ञान बाईची स्वतःची, त्याच ऑपरेशनची संमती लागते. आपल्याकडच्या फॉर्मवर नवऱ्याची सही ठळक आणि ऑपरेशनच्या नावाची जागा कोरी असते. भरपाई मात्र तिथे 25,000 रुपयेच मिळाली, हेही लक्षात असू द्या.

पोटात मॉप राहिला तर वेगळी गोष्ट. तिथे तज्ज्ञाचं मत नसलं तरी वस्तुस्थितीच बोलते. प्रत्येक खटल्यात तज्ज्ञ लागतोच असं नाही, हे व्ही. किशन राव खटल्यात 2010 मध्ये स्पष्ट झालं. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात 1963 मध्ये नसबंदीच्या ऑपरेशनमध्ये पोटात टॉवेल राहून बाई दगावली. अच्युतराव खोडवा खटला म्हणून तो ओळखला जातो; सुप्रीम कोर्टाचा निकाल 1996 चा. तेहेतीस वर्षं!

ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. गॉज उशिरा सापडला तर सापडल्यापासून मोजा, असं म्हणता येतं, पण आधी दुखत असूनही दाखवलं नसेल तर नाही. श्रीखंडे खटल्यात ऑपरेशन 1993 चं, गॉज निघाला 2002 मध्ये, तक्रार 2004 मध्ये. सुप्रीम कोर्टाने ती मुदतबाह्य ठरवली, कारण इतकी वर्षं त्रास होऊनही त्या बाईने त्याचा छडा लावला नव्हता. म्हणून प्रत्येक तपासणीची चिठ्ठी जपा.

तक्रार कुठे? 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखालच्या नियमांनुसार हॉस्पिटलला दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. मागितलेली भरपाई इथे पाहिली जात नाही. 5 लाखांपर्यंत बिल असेल तर फी शून्य. साताऱ्याहून किंवा बीडहून पुण्यात ऑपरेशनला आलेली बाई स्वतःच्या जिल्ह्यातही तक्रार करू शकते. हॉस्पिटलला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15. विमा कंपनीने बिल भरलं असलं तरी तुम्ही ग्राहकच. पुण्याच्या सरकारी ससून रुग्णालयात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात सर्वांना मोफत उपचार होत असतील तर ग्राहक आयोगाचा रस्ता बंद. नोंदणीचे दहा-वीस रुपये भरले म्हणून तो उघडत नाही. तिथे दिवाणी दावा, आणि सरकारला दोन महिन्यांची नोटीस आधी.

पोलिसांत जायची घाई बहुतेकांना असते. सुप्रीम कोर्टाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (2005) पोलीस स्वतंत्र वैद्यकीय मत घेतल्याशिवाय डॉक्टरवर पुढे जात नाहीत. पुण्यात ते मत ससूनच्या समितीकडून येतं, आणि फौजदारीत गंभीर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. समितीने "गंभीर निष्काळजीपणा नाही" लिहिलं की तोच कागद ग्राहक आयोगात तुमच्याविरुद्ध फिरवला जातो. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, पैसे देऊ शकत नाही. हॉस्पिटलची तोडफोड केली तर 2010 च्या राज्य कायद्याने तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई, तीही तुमच्याकडून.

"दुसरं ऑपरेशन फुकट करून देतो, फक्त इथे सही करा" असा कागद पुढे आला तर घरी घेऊन या. उपचार घ्यायला हरकत नाही. "आता कोणतीही तक्रार नाही" या ओळीवर मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.