तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजीचं पुस्तक संपत का नाही

'मॅडम, मार्च आला तरी तुमचं इंग्रजीचं पुस्तक संपत कसं नाही हो?' पालक विचारतात, नवीन लागलेले शिक्षक विचारतात, माझे दीर तर दर दिवाळीला विचारतात. तर एकदाच सांगते.

आमची झेडपीची शाळा, द्विशिक्षकी. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, साठ पोरांपर्यंत दोनच शिक्षक, वर्ग चार असले तरी. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र. चौथीचं इंग्रजी सुरू केलं की तिसरी गणितं सोडवते, म्हणजे सोडवायला बसते. पण हे कारण मी मीटिंगमध्ये सांगते. खरं कारण वेगळंय.

काही वर्षांपूर्वी तपासणी होती. टाचण, म्हणजे कुठला धडा कधी, कसा शिकवणार ते लिहायची वही, एकदम कडक, उद्दिष्टं, साहित्य, सगळं लिहिलेलं. साहेबांनी चौथीतल्या एकाला उभं केलं, टाचणातलाच धडा काढून दिला. पोरगा घडाघडा सुटला, एक शब्द चुकला नाही. मी शेजारी उभी, त्याच्या बोटाकडे बघत होते. बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या. पुढे तर बोट चित्रावर गेलं, नदीतल्या होडीवर, तरी वाचन चालूच. साहेब 'व्हेरी गुड' म्हणाले, शेरेबुकात लिहिलं, 'इंग्रजी वाचन समाधानकारक.' मी काही बोलले नाही. चहा सांगितला. सुट्टीत पोरगा आला, 'मॅडम, सगळं आलं ना मला?' म्हटलं, आलं रे.

दुसऱ्या दिवशी त्याच धड्यातला 'रिव्हर' शब्द फळ्यावर एकटाच लिहिला. तो बघत राहिला आणि म्हणाला, 'मॅडम, पान सांगा, मग सांगतो.'

त्यानंतर मी पुस्तक बाजूला ठेवलं. अक्षरांचे आवाज, कॅट-मॅट-रॅट, पोरांनी आणलेले बिस्किटांचे अन् साबणाचे कागद. 2023 ला पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं आली तेव्हा त्यांवरही आम्ही शब्दच काढले, मला तरी ती सोय आवडली होती, तर तीही बंद झाली. टाचण मात्र पुढेच चालत राहिलं. नोव्हेंबरात टाचणात नववा धडा, वर्गात तिसरा. खोटं लिहिते, हो. खरं लिहिलं तर 'नियोजनाप्रमाणे अध्यापन नाही' असा शेरा येतो, मग तुम्हीच सांगा काय लिहायचं.

आणि तरी मला खात्री नाहीये. मी स्वतः एबीसीडी पाचवीत शिकले, पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, आमच्या वेळी नव्हतं. गाईवरचा निबंध पाठ करून मी पास झाले, डीएड झाले, आज हेच इंग्रजी शिकवते. मग पाठांतराला नावं ठेवणारी मी कोण? तो पोरगा धडा म्हणायचा तेव्हा ताठ उभा राहायचा. शब्द जोडून वाचायला लावल्यावर 'र... रि...' करत मान खाली घालायला लागला, मागे बसायला लागला. त्याच्या वडिलांनी येऊन विचारलं, 'पोरगं आधी फाडफाड वाचत होतं, तुम्ही काय केलंत?' मी त्यांना बोटाचं सांगितलं नाही. का नाही सांगितलं, माहीत नाही. साहेबांनाही कुठे सांगितलं होतं.

आता अर्धं अर्धं करते. एकच पान दोन आठवडे. तुम्ही याला आळस म्हणता, म्हणा.

अकराव्या धड्याचं टाचण काढायचंय अजून, उद्या केंद्रप्रमुख, आमच्या भागातल्या शाळा बघणारे साहेब, येणारेत. वर्ग पाचव्यावर आहे.