आमची वाटचाल : कव्हर नको, डिस्क दाखवा

जुन्या चित्रपटांच्या डिस्क विकतो असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर दया दिसते. म्हणून हल्ली मी एका दमात सांगून टाकतो: जे चित्रपट नंतर बदलले गेले, त्यांची बदलण्याआधीची, आता छापली न जाणारी डिस्क आम्ही शोधतो, तपासतो आणि ज्याला हवी त्याच्या हातात देतो. तरीही दया दिसतेच. असो.

फर्म 2001 साली सुरू झाली. भागीदार दोन, कपाटं चार, प्लेअर तीन. माझ्याकडे होती स्मरणशक्ती आणि भागीदाराकडे हात. तो मुळात लेझरडिस्क (डीव्हीडीच्या आधीची, ताटाएवढी चित्रपटाची डिस्क) प्लेअर दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या टेबलावर दहापटीचं भिंग, वाकड्या मानेचा दिवा, लेन्स पुसायच्या काड्या आणि मेलेल्या प्लेअरांमधून काढलेल्या पट्ट्यांचा एक डबा असायचा. त्या डब्याला मी हसायचो. 2009 मध्ये पायोनिअरने प्लेअर बनवणं थांबवलं, तेव्हापासून हसत नाही.

तपासणीची पद्धत त्याची. डिस्क आली की आधी कव्हर बाजूला. कव्हर कोणीही बदलतं. डिस्क दिव्याखाली तिरपी धरायची, मधल्या भोकाजवळच्या गुळगुळीत कड्यावर कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे डिस्क कुठल्या छापणीची ते सांगणारा आकडा, भिंगातून वाचायचा आणि वहीत लिहायचा. मग प्रत्येक बाजू शेवटपर्यंत चालवून बघायची. पाच-पाच मिनिटं नमुन्याला बघायचं आमच्याकडे चालत नाही. सीएव्ही (फेरीला एक चौकट, म्हणजे फ्रेम, बसवलेली) असेल तर बाजूला अर्धा तास, सीएलव्ही (जास्त चित्रपट मावणारी) असेल तर एक तास. शेवटी कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात तारीख आणि ‘ठीक’. पेन नाही, पेन्सिल. शाई उमटते.

सीएव्ही डिस्क चालवण्याचं सुख ज्यांनी घेतलंय त्यांना वेगळं सांगायला नको. एका बाजूला 54,000 चौकटी, प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक, आणि थांबवाल तिथे चित्र दगडासारखं स्थिर. सीएलव्हीवर चांगला प्लेअर असेल तरच ते जमतं. 1981 चा ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ घ्या. नायक आणि नाग समोरासमोर येतात त्या दृश्यात मधे सुरक्षेसाठी काच होती, आणि काचेत प्रतिबिंब दिसायचं. 2003 च्या डीव्हीडीसाठी ते संगणकावर पुसून टाकलं. मला विचाराल तर ती काच हीच त्या दृश्याची गंमत. नट खराखुरा नागासमोर पडलाय याची ती पावती होती. पुसली.

रंगांचंही तेच. ‘द मेट्रिक्स’ 1999 च्या डीव्हीडीवर जसा दिसतो तसा 2004 च्या नव्या प्रतीत दिसत नाही, सगळ्यावर हिरवी झाक चढवलेली. ‘द फ्रेंच कनेक्शन’ची 2009 ची ब्लू-रे खुद्द दिग्दर्शकाच्या देखरेखीखाली अशी फिकट केली की छायाचित्रकाराने जाहीर नाराजी व्यक्त केली, 2012 मध्ये पुन्हा नवी प्रत काढावी लागली. आणि ‘ई.टी.’मध्ये 2002 साली पोलिसांच्या हातातल्या बंदुका जाऊन वॉकीटॉकी आले. 2012 च्या ब्लू-रेवर बंदुका परत आल्या. मधली दहा वर्षं आमचा फोन वाजत होता.

उलट ‘ब्लेड रनर’ने आमचं पोट मारलं. त्याच्या 1987 च्या लेझरडिस्कला आमच्याकडे कायम मागणी. 2007 साली कंपनीने पाच आवृत्त्या एकाच संचात दिल्या आणि मागणी बसली. राग आला का? आला. पण काम चोख होतं. सगळ्यांनी असं केलं तर आम्ही दुकान बंद करून निवांत चित्रपट बघू.

आता काकांबद्दल. काका म्हणजे आमचं पहिलं गिऱ्हाईक, आयुष्यभर ध्वनिमुद्रणात काम केलेले. ते पहिल्यांदा आले ते ‘द टर्मिनेटर’ची मोनो (एकाच वाटेच्या) आवाजाची डिस्क मागायला. मी उत्साहाने नवी सहा वाटांच्या आवाजाची डीव्हीडी पुढे केली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ती परत कपाटात ठेवली. 1984 चा चित्रपट मोनो होता, नव्या आवाजात बंदुकांचे बार बदललेत, एवढं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग आम्ही जुनी डिस्क लावली. काकांनी डोळे मिटले. पूर्ण बाजू संपेपर्यंत उघडले नाहीत. पडदा त्यांना नकोच होता! बाजू संपल्यावर म्हणाले, “हां. हा बार.” आणि घेऊन गेले. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी त्यांची हस्ताक्षरातली यादी यायची, प्रत्येक नावापुढे कंसात फक्त आवाजाचा प्रकार लिहिलेला.

आता 2006.

त्यासाठी जरा मागे जावं लागेल. ‘स्टार वॉर्स’ 1977 चा. 1997 मध्ये त्याची आणि पुढच्या दोन भागांची नवी आवृत्ती आली, नवी दृश्यं, नवे प्राणी, आणि 2004 ची डीव्हीडी आली तीही बदललेलीच, वर आणखी बदल करून. मूळ चित्रपट हवा असेल तर चांगला पर्याय उरला लेझरडिस्कचा: 1993 चा नऊ डिस्कचा मोठा संच, नाहीतर 1995 च्या डिस्क. 2004 नंतर आमच्याकडे रांग लागली. मी हिशेब मांडला, भागीदाराने मान हलवली (नकारार्थी होती, मी होकारार्थी धरली) आणि कर्ज काढून आम्ही 61 संच जमवले. हिवाळाभर तो एकेक बाजू चालवत बसला. रात्री दोन-दोन वाजता फोन करून म्हणायचा, “अरे, बेचाळीसाव्याची सहावी डिस्क ठीक आहे.” मी म्हणायचो, “झोप आता.”

मे 2006 मध्ये जाहीर झालं की मूळ आवृत्त्या सप्टेंबरात डीव्हीडीवर येणार. आठवड्याभरात आमच्या बहुतेक मागण्या रद्द. ज्यांनी आगाऊ दिले होते ते परत मागायला लागले. मी परत केले, कारण नाही म्हणायची सोय नव्हती. जूनचा हप्ता कसाबसा भरला. जुलैचा नाही.

इथे ‘तो’ येतो. नाव घेत नाही. दोन वर्षं आमच्याकडे मदतनीस होता. भिंग कसं धरायचं ते भागीदाराने शिकवलं, कुठला नंबर कुठल्या छापणीचा ते मी. मग त्याने स्वतःचं सुरू केलं. करावं, कोणी अडवलंय. पण ऑगस्टात एक अनोळखी गृहस्थ आले, म्हणाले, नातवंडांसाठी खोली सजवायचीय, हे मोठे डबे छान दिसतील. नऊ-नऊ डिस्कचे 48 संच, खोली सजवायला! मला तेव्हाच कळायला हवं होतं. हप्त्याची नोटीस टेबलावर होती. रद्दीपेक्षा थोड्या वरच्या भावाने मी ते दिले. गाडीत चढवायला मीच मदत केली.

सप्टेंबरात नवी डीव्हीडी आली. मूळ आवृत्ती होती खरी, पण जोडीला दिलेली जादा डिस्क म्हणून. रुंद पडद्यासाठी तयार केलेलीच नव्हती. रुंद टीव्हीवर चारही बाजूंना काळं आणि मधे चित्राचा छोटा चौकोन. आणि ती कुठल्या मास्टरवरून, म्हणजे छापण्याच्या मूळ प्रतीवरून, काढली? 1993 मध्ये लेझरडिस्कसाठी केलेल्या मास्टरवरून. म्हणजे ज्या मालाला लोक ‘आता याची गरज नाही’ म्हणून नाकारत होते, त्याच मास्टरची दुसरी प्रत त्यांना मिळाली. दिवाणखान्यात मोठा डबा हवा असणारे परत लेझरडिस्ककडे वळले. तोपर्यंत 48 डबे ‘त्याच्या’ यादीत झळकत होते. फोटो मी काढलेले. कोपऱ्यात आमच्या टेबलाचा दिवा दिसत होता.

त्या वर्षी भागीदाराने स्वतःचा सगळ्यात चांगला प्लेअर विकला. मला विचारलं नाही, पैसे आणून ठेवले. सकाळी दुरुस्तीची बाहेरची कामं घ्यायला लागला. आणि काका एक दिवस यादी न आणता आले. पुढच्या तीन वर्षांत ज्या डिस्क लागतील त्यांचे पैसे आत्ताच ठेव म्हणाले. “काका, कुठल्या डिस्क ते तरी सांगा.” “ठरवू की.” पावती नको म्हणाले. मी दिली. ती त्यांनी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली.

कर्ज 2010 मध्ये फिटलं. त्यापुढची वर्षं बरी गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

आता वाचताच आहात तर चार गोष्टी सांगतो. डिस्क उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत वाकतात. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. डिस्कवर कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहू नका, तोल जातो. सीलबंद मालाला भुलू नका. लेझरडिस्क म्हणजे दोन पातळ चकत्या चिकटवलेल्या असतात. आतला अॅल्युमिनियमचा थर खराब व्हायला लागला की प्लास्टिकचं वेष्टन काय करणार? वरून डिस्क आरशासारखी दिसते आणि पडद्यावर रंगीत ठिपक्यांचा पाऊस पडतो. ‘जुनी’ म्हणजे ‘मूळ’ असंही धरू नका. ‘अलादीन’च्या सुरुवातीच्या गाण्यातली ओळ 1993 मध्ये चित्रपट घरोघरी आला तेव्हाच बदललेली होती; ‘पहिली छापणी आहे’ म्हणून कोणी भाव वाढवत असेल तर वाढवू दे त्याला. आणि मदतनिसाला भिंग द्या, खरेदीची वही देऊ नका.

गेल्या वर्षी एक तरुण मुलगा 1993 चा संच तपासून घ्यायला आला. डबा देखणा होता, कोपरेसुद्धा शाबूत. मी कव्हर बाजूला ठेवायला गेलो आणि आतल्या कडेला पेन्सिल दिसली. ‘ठीक. फेब्रु. 2006.’ अक्षर भागीदाराचं. त्याला भिंगातूनही आता धड दिसत नाही, मी वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, प्लेअर गरम करायला लावला. मग आम्ही तिघं बसून बाजूमागून बाजू बघत राहिलो. मुलगा कंटाळेल असं वाटलं होतं, नाही कंटाळला. सातव्या डिस्कच्या दुसऱ्या बाजूला, काळ्या आकाशात, ठिपके सुरू झाले. आधी एखाददुसरा लाल, मग निळे. भागीदाराने माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि जुन्या ओळीखाली चाचपडत नवी तारीख आणि ‘ठिपके’ असं लिहिलं.

मुलाचा चेहरा उतरला. मी म्हटलं, ज्यांच्याकडून घेतलात त्यांना दाखवा, त्यांनी बदलून द्यायला हवं.

“त्यांनीच तुमच्याकडे पाठवलंय,” तो म्हणाला. “म्हणाले, तपासणी करायची तर तिथेच करा, दुसरीकडे जाऊ नका.”

तपासणीचे पैसे मी पूर्ण घेतले.