तिसरी उशी

त्या आल्या तेव्हा सगळं ठरवूनच आल्या होत्या. धाकट्या बहिणीची दोन वर्षांपूर्वी स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया, झालेली, तिचं 32 किलो वजन उतरलेलं, म्हणून आपलीही स्लीव्हच. खुर्चीत टेकता टेकता म्हणाल्या, "मॅडम, मला फक्त तारीख सांगा." वय 46, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 43, सहा वर्षांचा मधुमेह, गुडघे कुरकुरायला लागलेले.

मी बेरिअ‍ॅट्रिक सर्जरीच्या, म्हणजे वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियांच्या, टीममध्ये आहारतज्ज्ञ आहे. कुठली शस्त्रक्रिया करायची ते सर्जन आणि पेशंट मिळून ठरवतात, मी नाही. पण सरांपुढे पेशंट पंधरा मिनिटं बसतो आणि माझ्यापुढे तासभर. तिथे सांगायचं राहून गेलेलं माझ्याकडे खाण्यापिण्याच्या गप्पांतून बाहेर येतं. निदान माझा तसा समज होता. पहिल्या भेटीत मी त्यांचा फॉर्म भरला. अ‍ॅसिडिटीचा त्रास? नाही. रोजची औषधं? मधुमेहाच्या दोन गोळ्या, बाकी काही नाही. दोन्हीकडे खुणा केल्या आणि पान उलटलं.

पुढच्या आठवड्यात त्यांची एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने जठर आतून बघण्याची तपासणी, होती. ती आटोपून त्यांना कॉटवर झोपवलं होतं, मी सहज डोकावले. त्या सिस्टरकडे उशी मागत होत्या. एक दिली. थोड्या वेळाने आणखी एक. मग तिसरी. सिस्टर वैतागून माझ्याकडे बघायला लागली.

"मान दुखते का?" मी विचारलं.

"छे हो. सपाट झोपलं की घशाशी आंबट येतं. घरी तीन उशा लागतात मला."

"पण अ‍ॅसिडिटी नाही म्हणाला होतात तुम्ही."

"नाहीच होत. रोज सकाळी गोळी घेते ना त्याची!"

चार-पाच वर्षं घेत होत्या, स्वतःच दुकानातून आणून. त्यांच्या बाजूने उत्तर अगदी खरं होतं. माझा प्रश्नच चुकला होता. तेव्हापासून मी अ‍ॅसिडिटी आहे का असं विचारतच नाही, रात्री उशा किती घेता ते विचारते.

रिपोर्ट आला. जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलेला, म्हणजे हायटस हर्निया. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्लाने झालेल्या जखमा, ग्रेड सी. ही प्रतवारी ए ते डी अशी असते, त्यात सी म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं प्रकरण नव्हे.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि एक अरुंद नळी तेवढी मागे ठेवतात. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूकही कमी होते. आतड्याला हात लागत नाही. पण नळी अरुंद झाल्याने आत दाब वाढतो, जठराच्या खालच्या टोकाची झडप जशीच्या तशी असते, मग आम्लाला वर यायला वाट मोकळी मिळते. ज्यांना आधीच जळजळ आहे त्यांची वाढू शकते, ज्यांना नव्हती त्यांतल्या काहींना नव्याने सुरू होते. दुसरा पर्याय बायपासचा, हृदयाचा नव्हे, जठराचा. फिनलंडमध्ये 240 पेशंटांवर स्लीव्ह आणि बायपासची तुलना झाली. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. अन्ननलिकेची सूज स्लीव्हवाल्यांत 31 टक्के आणि बायपासवाल्यांत 7 टक्के लोकांना आढळली. वजन बायपासमध्ये थोडं जास्त उतरलं होतं, पण आमचे सर पेशंटला आधी जळजळीचा आकडा सांगतात, वजनाचा नंतर.

सरांनी त्यांना सरळ सांगितलं, "ताई, तुमची स्लीव्ह मी करणार नाही. बायपास करू. आम्लाचा त्रासही थांबेल, आणि मधुमेहाच्या दृष्टीनेही ते बरं."

बाईंचा चेहरा पडला. "बायपास म्हणजे मोठं ऑपरेशन ना? बहिणीचं छोटं होतं."

हा गैरसमज आम्ही रोज ऐकतो. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण 30 मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करतात आणि लहान आतडं वर आणून तिला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, अन्न फक्त त्याला वळसा घालून जातं. म्हणजे ज्याला लोक छोटं म्हणतात त्यात अवयवाचा मोठा तुकडा कायमचा जातो, आणि ज्याला मोठं म्हणतात त्यात काहीच बाहेर येत नाही. अर्थात बायपासमध्ये जोड दोन, आतड्याची वाट बदललेली, आणि बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची उणीव जास्त, गोळ्या जन्मभर. गोड एकदम खाल्लं तर धडधड, घाम, चक्कर. मागे राहिलेल्या जठरात नेहमीची दुर्बीण पोचत नाही, हेही आलंच.

त्यांचे यजमान इतका वेळ गप्प होते. त्यांनी विचारलं, "मिनी बायपास का नाही? त्यात एकच जोड असतो म्हणे." प्रश्न अभ्यास करून विचारला होता. रॉबर्ट रटलेज यांनी 1997 मध्ये सुरू केलेली ही पद्धत आहे, वजन आणि साखर दोन्हींवर चांगली चालते. पण एकच जोड असल्याने पित्त पिशवीत येतं, तिथून कधी वर अन्ननलिकेपर्यंतही. जिथे आधीच जखमा आहेत तिथे सरांना ते नको होतं.

बाईंनी नाइलाजाने मान हलवली. सर ऑपरेशन थिएटरकडे गेले, आणि मी त्यांना घेऊन माझ्या खोलीत आले. बायपासनंतरचे पहिले दोन आठवडे पातळ, मग मऊ, दिवसाला 60 ग्रॅमच्या वर प्रथिनं, जेवताना पाणी नाही, हे सगळं सुरू केलं. सकाळपासून उपाशी असल्याने त्यांचं डोकं दुखत होतं. माझं ऐकत ऐकत त्यांनी पर्स उघडली, एक पाकीट काढलं आणि गोळी फोडली.

"ही कसली?"

"गुडघ्याची. डोक्यालाही चालते. दिवसाला दोन घेते, फार चाललं तर तीन."

"मला सांगितलं नाहीत."

"ते थोडंच औषध आहे? कुठल्या डॉक्टरांनी दिलेलं नाही."

मी पाकीट हातात घेतलं. डायक्लोफिनॅक. मला घाम फुटला. बायपासच्या जोडाशी आतड्याची जी कड येते तिला आम्लाची सवय नसते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या पोटाच्या अस्तराचं संरक्षणच कमी करतात. मग त्या जोडाशी अल्सर होतो, तो वाहतो, कधी फुटतोही. धूम्रपानानेही हाच धोका वाढतो. म्हणजे अन्ननलिका बायपास मागत होती, आणि पर्स स्लीव्ह मागत होती.

सर दोन केसच्या मध्ये चहा पीत होते. मी पाकीट टेबलावर ठेवलं. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "या गोळीशिवाय ती राहू शकते का, एवढंच मला कळायला हवं. संधिवात असेल आणि जन्मभर लागणार असेल, तर मी माझं म्हणणं बदलेन. हर्निया दुरुस्त करून स्लीव्ह करू आणि जळजळीवर लक्ष ठेवू. आवडणार नाही मला, पण करू."

चार वाजता सगळे बसलो. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, संधिवाताच्या रक्ततपासण्या लिहिल्या. त्यांच्या मते ही साधी झीज होती. पॅरासिटामॉल, व्यायाम, गरज पडली तर गुडघ्यात इंजेक्शन, आणि वजन उतरलं की भार आपोआप कमी. जठरात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूचा रिपोर्ट यायचा होता. ठरलं ते असं: सहा आठवडे त्या गोळ्या पूर्ण बंद. जमलं तर बायपास, आणि नंतर काही महिने आम्ल कमी करणारं औषध.

हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्या भडकल्या. "म्हणजे आज तारीखसुद्धा नाही? बहिणीला तर कोणी एवढं विचारलं नव्हतं." बहिणीला तीन उशा लागत नसतील, हे ओठांवर आलं होतं, गिळलं. यजमान पाणी आणायला गेले. बाई थोडा वेळ रडल्या, मग विचारलं, "तुमच्या बहिणीची असती तर कुठली केली असती?" हा प्रश्न मला नेहमी अडचणीत टाकतो. मी म्हटलं, आधी तिची पर्स तपासली असती. त्या हसल्या नाहीत.

आठ दिवसांनी त्या न सांगता आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, ती त्यांनी माझ्या टेबलावर उलटी केली. उशीखालून, गाडीतून, ऑफिसच्या ड्रॉवरमधून, यजमानांच्या बॅगेतून गोळा केलेली पाकिटं, एकूण अकरा. मी चष्मा लावून बघायला बसले. त्यांतली तीन वेगवेगळ्या नावांची होती आणि आत औषध एकच होतं. कधी कधी दोन नावांच्या गोळ्या एकाच दिवशी घेतल्याचं त्यांना तिथे बसल्या बसल्या आठवलं.

मी एकेक बाजूला टाकत गेले. शेवटी एक पाकीट त्यांनी हळूच परत आपल्याकडे ओढलं.

"ही सर्दीची आहे. ही चालेल ना?"

मी ते घेऊन मागे उलटलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, आयबुप्रोफेन.