वाळू इथे नक्षत्रांप्रमाणे फिरते

पंपघराच्या चौथऱ्याची उंची मी आराखड्यावर ठरवून टाकली होती. खुंट्या मारून दोरा बांधत होते, तेवढ्यात शेजारच्या घरातले काफा बाहेर आले. काफा म्हणजे आजोबा. बेटावरचे सगळेच त्यांना तशी हाक मारतात, मीही मारते. त्यांना हिंदी छान येतं. “बेटी, जरा माझ्याबरोबर चल,” म्हणाले. मशिदीच्या मागच्या भिंतीपाशी नेऊन त्यांनी भिंतीला गुडघ्याच्या वरच्या उंचीवर तळहात टेकवला. २००७ च्या मे महिन्यात पाणी इथवर चढलं होतं. लगेच लेव्हल पाइप, म्हणजे उंची जुळवायची पाण्याची नळी, लावून पाहिलं, तर माझा चौथरा त्या हाताच्या चांगला वीतभर खाली भरत होता. समुद्राचं पाणी एकदा पंपाच्या विजेच्या पॅनलमध्ये शिरलं असतं, तर अख्ख्या बेटाचं सांडपाणी तुंबलं असतं.

मालदीवमध्ये पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या कामावर येऊन मला दुसरं वर्ष लागलंय. तरी मी इथलं खरं काम शिकायला लागले ती त्या भिंतीपाशी.

असं पाणी चढण्याला इथे ‘उधा’ म्हणतात. आपलं उधाण आठवलं ना? मलाही तसंच झालं. यातला भीतिदायक भाग म्हणजे त्या दिवशी बेटावर वादळ असेलच असं नाही. हजारो किलोमीटर दूर, पार दक्षिणेकडच्या महासागरात वादळ उठतं आणि त्याच्या लांब लाटा काही दिवसांनी इथे पोचतात. त्यात मोठी भरती गाठली की पाणी घरात. एप्रिल १९८७ मध्ये राजधानी मालेत अशाच लाटा घुसल्या. त्यानंतर जपानच्या मदतीने मालेभोवती काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत उभी राहिली. ते काम २००२ पर्यंत चाललं, आणि दोनच वर्षांनी आलेल्या त्सुनामीत त्या भिंतीने शहराला बरंच वाचवलं. शेजारी समुद्रात भर घालून हुलहुमाले वसवलं, त्याचं काम १९९७ मध्ये सुरू झालं. तिथली जमीन समुद्रापेक्षा साधारण दोन मीटर उंच ठेवली आहे. इथे दोन मीटर म्हणजे चैन. या देशातली ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन एक मीटरच्याही खाली आहे.

पण वस्ती असलेली बेटं दोनशेच्या आसपास आहेत, आणि प्रत्येकाला मालेसारखी भिंत कोण बांधून देणार? दिली तरी ती हवी का, हा प्रश्न मला आता जास्त पडतो. कारण वाळू.

धिवेही, म्हणजे इथल्या भाषेतल्या, पंचांगात ‘नकई’ असतात, वर्षाला सत्तावीस. नावं ऐका: अस्सिधा, बुरुणू, केथी, रोआनू, मियाहेली, अधा. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा! पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला. आपले शेतकरी मृगाची वाट बघतात, तसे इथले मच्छीमार नकईवरून वारा, पाऊस आणि मासळी यांचा अंदाज बांधतात. आणि त्या वाऱ्याबरोबर किनाराही हलतो. हुलहंगू म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की पश्चिमेच्या लाटा वाळू ढकलत ढकलत बेटाच्या पूर्वेकडे नेतात. इरुवई म्हणजे ईशान्येचे वारे सुटले की तीच वाळू परतीला लागते. आमच्या कार्यालयासमोरच्या कलत्या माडापासून पाण्यापर्यंत मी पावलं मोजते. गेल्या फेब्रुवारीत एकवीस भरली होती, ऑगस्टमध्ये सहा. नवख्या इंजिनिअरला ऑगस्टमध्ये आणलं तर तो ‘धूप, धूप’ म्हणून दगड टाकायचं अंदाजपत्रक करेल. मीही केलं असतं.

आता या फेरीच्या वाटेत बंदर येतं. बंदर नको असं मी मुळीच म्हणणार नाही. बाळंतीण अडली तर तिला मोठ्या दवाखान्यापर्यंत न्यायला बोट धक्क्याला लागलीच पाहिजे. पण बंदरासाठी प्रवाळाच्या उथळ पट्टीत खोल खोदाई होते, वर लाटा अडवणारा बांध येतो. फिरती वाळू बांधाला अडते किंवा खड्ड्यात पडते आणि परत येत नाही. मग एका बाजूला गाळ उपसायचा आणि दुसऱ्या बाजूला माड कोसळताना पाहायचे. आमच्या बेटावर बंदराच्या पलीकडे तीन माड मुळं उघडी पडून वाकलेत. तिथे वाळूच्या पिशव्या रचल्यात, तर धूप पिशव्यांच्या टोकापासून पुढे सरकली. इथे एका जागेचं दुखणं पुढच्या जागेला लागतं, आणि बेटावर पुढची जागा म्हणजे कुणाचं तरी घर.

पाण्याचं गणित त्याहून नाजूक आहे. बेटाच्या पोटात पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशोब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर जेवढी, त्याच्या चाळीसपट खोल तो गोडा थर. म्हणजे उपसा करून पातळी एक सेंटीमीटर उतरवली, तर खालून खारं पाणी हळूहळू चाळीस सेंटीमीटर वर येणार. २००४ च्या त्सुनामीत कितीतरी बेटांवरच्या विहिरी खारट झाल्या. आता समुद्राचं पाणी गोडं करणारी संयंत्रं आहेत, पण डिसेंबर २०१४ मध्ये मालेतल्या अशा संयंत्राला आग लागली आणि लाखाहून जास्त माणसं पाण्यावाचून राहिली. भारतातून विमानांनी आणि जहाजांनी पाणी पाठवावं लागलं. म्हणून पागोळ्यांचं पाणी साठवणारी प्रत्येक टाकी मला संयंत्राइतकीच महत्त्वाची वाटते. सांडपाणी जमिनीत न मुरता वाहिन्यांतून गेल्यामुळे काफांच्या अंगणातली विहीर पुन्हा वापरण्याजोगी झाली, तर माझं इथलं येणं कारणी लागलं असं मी समजेन.

चौथरा आम्ही काफांच्या हाताच्याही वर घेतला. पॅनल त्याहून वर, भिंतीवर बसवलं. खर्च वाढला म्हणून वरिष्ठांशी दोन बैठका झाल्या. मी मशिदीच्या भिंतीचा फोटो टेबलावर ठेवून बसले.

पुढच्या आठवड्यात बंदर वाढवण्याचा नकाशा गावासमोर मांडणार आहेत. किनाऱ्यालगतच्या झुडपांचा पट्टा त्यात वखारीसाठी तोडायचा दाखवलाय. उधा आली की पहिला मार तोच पट्टा झेलतो. गेले चार दिवस संध्याकाळी काफा आणि मी तिथे फिरतोय. कोणत्या नकईत वाळू कुठवर येते ते ते काठीने दाखवतात, मी खुंटी मारते आणि तारीख लिहिते. आतापर्यंत सतरा खुंट्या झाल्या आहेत.