दुसऱ्या डिस्कवरून

युनिक्स प्रणालीवर चालणाऱ्या जुन्या संगणकांच्या नादी लागलेल्याला घरचे एकच प्रश्न विचारतात: याच्यावर करतोस काय? खरं उत्तर असं, की मी ते सुरू करतो.

माझ्याकडे सन कंपनीचं स्पार्कस्टेशन ५ हे यंत्र आहे, १९९४ च्या पिढीतलं. (कंपनीच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. घरच्यांना हे सांगून पाहिलं, फरक पडला नाही.) आत दोन स्कझी डिस्क बसतात (स्कझी म्हणजे डिस्क, सीडी वगैरे एकाच तारेवर जोडायची पद्धत; तारेवरच्या प्रत्येकाला एक नंबर). पहिली आता फिरताना कण्हते, म्हणून तिच्यावरचं सोलॅरिस (सनचं युनिक्स) दुसरीवर उतरवलं. यापुढे यंत्र दुसरीवरूनच सुरू व्हायला हवं.

आता पहिली डिस्क म्हणजे नंबर ०, असं आपण धरून चालतो. सनच्या हिशेबात ती ३. आतली दुसरी १, सीडी ६, आणि खुद्द कंट्रोलर, म्हणजे ती तार हाकणारा, ७, कारण दोघांनी एकदम तोंड उघडलं तर मोठ्या नंबराचं आधी ऐकायचं, असा स्कझीचा कायदा. सोलॅरिसच्या आधीच्या सनओएस ४ या प्रणालीत तर ३ नंबरच्या डिस्कचं नाव एसडी० आणि ० नंबरचीचं एसडी३. ज्याने हे ठरवलं, त्याला एकदा चहाला बोलवायला हवं.

स्टॉप आणि ए ही बटणं एकदम दाबली की पांढऱ्या पडद्यावर काळ्या अक्षरांत ‘ओके’ येतं. हे ओपनबूट, यंत्राच्या चिपमध्येच असलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम. युनिक्सचा अजून पत्ताही नसतो, तरी इथे फोर्थ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत गणितंसुद्धा करता येतात. ‘प्रोब-स्कझी’ म्हटलं की तारेवर कोण कोण आहे त्याची हजेरी लागते. (सोलॅरिसला मधेच थांबवून हजेरी घेऊ नये, यंत्र अडकून बसू शकतं. आधी रीसेट.) १ हजर, ३ हजर. मग ‘बूट डिस्क१’, म्हणजे १ नंबरच्या डिस्कवरून सुरू हो.

उत्तर आलं, आत्ताच आणलेली फाइल चालवण्याजोगी दिसत नाही. नकार किती सभ्य! बूट ब्लॉक, म्हणजे सुरुवात करून देणारा डिस्कवरचा तुकडा, फायलींत मोडत नाही, त्यामुळे नुसत्या फायली उतरवून तो येत नाही. ‘इन्स्टॉलबूट’ने वेगळा लिहावा लागतो.

तो लिहिला की कर्नल (युनिक्सचा गाभा) उठतो, आणि खरी मेख तिथेच आहे. घर बदललं तरी रेशनकार्डावर जुनाच पत्ता असतो, तसं नव्या डिस्कवरच्या व्हीएफएसटॅब फायलीत (कुठला भाग कुठल्या डिस्कवरून घ्यायचा त्याची यादी) सगळीकडे ‘टी३’च, म्हणजे ३ नंबरची जुनी डिस्क. रूटची (मुळाच्या भागाची) ओळ सुधारली आणि यूएसआरची (प्रोग्रॅमांच्या भागाची) राहिली, तर अर्धं यंत्र नव्या डिस्कवर, अर्धं जुन्या, आणि लॉगिन मात्र ठणठणीत मिळतं. ‘डीएफ’ (कुठला भाग कुठल्या डिस्कवर ते दाखवणारी आज्ञा) मारला की चोरी उघड. माझं मत विचाराल, तर जुनी डिस्क उपसून बाजूला ठेवून यंत्र उठल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नये.

‘बूट-डिव्हाइस’ (कुठून सुरू व्हायचं ती नोंद) कायमचं डिस्क१ करून ठेवता येतं, पण ते लिहायचं एनव्हीरॅमच्या, म्हणजे यंत्र बंद असतानाही लक्षात ठेवणाऱ्या, चिपवर, आणि तिची लिथियम बॅटरी चिपच्याच पोटात बुजवलेली. तीस वर्षांत ती संपणारच. मग बंद केलं की यंत्र तारीख विसरतं, स्वतःचा इथरनेट पत्ता विसरतं, आणि डिस्क१ तर विसरतंच. शौकीन मंडळी चिपचा माथा करवतीने कापून वरून नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल जोडतात. माझा अजून धीर झालेला नाही. तोवर ‘बूट डिस्क१’ हातानेच टाइप करतो, आणि तारीखही.