एक्स्चेंज २०१६ गेला, डिरेक्टरीतल्या नोंदी राहिल्या: ऐरोलीच्या होमलॅबमधून

घरच्या सराव-सेटअपमधल्या (होमलॅब) जुन्या एक्स्चेंज २०१६, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरचा व्हीएम (आभासी मशीन) डिस्कसकट गेला. एक सोडून बाकी मेलबॉक्स आधीच सबस्क्रिप्शन एडिशनवर (एक्स्चेंजची नवी आवृत्ती) हलवले होते, आर्बिट्रेशन मेलबॉक्सही (एक्स्चेंजचे स्वतःच्या कामाचे मेलबॉक्स), त्यामुळे हलवलेले मेल सगळे शाबूत आहेत. पण अनइन्स्टॉल राहून गेलं आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (विंडोज नेटवर्कमधली खाती आणि सर्व्हर यांची नोंदवही) लेखी तो सर्व्हर अजून हजरच! नवीन प्रोफाइल बनवताना आउटलुक रेंगाळायचं ते यामुळेच. डोमेनमधल्या मशीनवर ऑटोडिस्कव्हर (आउटलुकला मेल सर्व्हर शोधून देणारी सोय) आधी डिरेक्टरीतला एससीपी, म्हणजे सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद, वाचतं, आणि त्यात जुना पत्ता होता.

ऑफिसात असं झालं तर त्याच नावाचा विंडोज सर्व्हर उभा करा, रिकव्हरसर्व्हर मोडमध्ये (डिरेक्टरीतल्या नोंदींवरून सर्व्हर परत उभा करणारा मोड) एक्स्चेंजचा सेटअप चालवा आणि मग रीतसर अनइन्स्टॉल करा. अधिकृत मार्ग तोच. मला आतली रचना बघायची होती, म्हणून सिस्टिम स्टेटचा (डिरेक्टरीसकट विंडोजच्या मूळ भागांचा) बॅकअप घेऊन एडीएसआय एडिट, म्हणजे डिरेक्टरीतल्या नोंदी थेट बदलायचं साधन, उघडलं.

कॉन्फिगरेशन, सर्व्हिसेस, मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज असं खाली उतरत गेलं की एफवायडीआयबीओएचएफ२३एसपीडीएलटी हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ग्रुप लागतो. त्यातलं प्रत्येक इंग्रजी अक्षर आणि अंक एकेक घर मागे सरकवून बघा, 'एक्स्चेंज१२रॉक्स' निघतं! या ग्रुपला हात लावायचा नाही, नावही बदलायचं नाही. त्याच्या आत सर्व्हर्सखाली फक्त जुन्या सर्व्हरची नोंद उडवली, तिच्याबरोबर एससीपीही गेला. डेटाबेसची नोंद शेजारच्या डेटाबेसेस कंटेनरमध्ये असते, ती वेगळी काढावी लागते.

खरी गंमत पुढे आहे. खातं कुठल्या डेटाबेसमध्ये आहे ते सांगणारा होमएमडीबी हा लिंक्ड अ‍ॅट्रिब्यूट (दुसऱ्या नोंदीशी जोडलेली माहिती), म्हणून डेटाबेसची नोंद जाताच तो आपोआप रिकामा होतो. खात्याच्या सर्व्हरचं नाव ठेवणारी एमएसएक्सचहोमसर्व्हरनेम ही मात्र साधी स्ट्रिंग (नुसता मजकूर), ती तशीच राहते. तिच्यावर एलडॅप फिल्टर (डिरेक्टरीतला शोध) लावल्यावर जुन्या डेटाबेसची हेल्थमेलबॉक्स खाती (एक्स्चेंज स्वतःची तपासणी करायला वापरतं ती) सापडली. तीही काढली.

सगळंच जुनं मात्र काढायचं नसतं. नौपाड्यातल्या मित्राचा मेलबॉक्स हलवला नव्हता, नव्याने बनवला होता, त्यामुळे त्याचा लेगसीएक्सचेंजडीएन (एक्स्चेंज आतल्या आत वापरतं तो पत्ता) बदलला. अशा वेळी त्याच्या जुन्या अंतर्गत मेलला रिप्लाय केला की तो बाउन्स होतो. जुनी किंमत एक्स५०० प्रकारचा पत्ता म्हणून प्रॉक्सीअ‍ॅड्रेसेसमध्ये (खात्याच्या सगळ्या पत्त्यांची यादी) घातली आणि रिप्लाय पोचू लागले. ही नोंद कायमची ठेवणार.

आता उरलं जुन्या सर्व्हरचं कॉम्प्युटर अकाउंट. ते अजून एक्स्चेंज ट्रस्टेड सबसिस्टिम ग्रुपमध्ये आहे आणि त्या ग्रुपचे अधिकार फार मोठे आहेत, म्हणून डीएनएसमधल्या (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) जुन्या नोंदींच्या आधी ते अकाउंटच काढतो.